कुंडींतील अंकोल : डॉगवूडचा आपल्या अरण्यांतील भाऊबंद

अमेरिका व जपान या देशांतील बागांचीं चित्रें पाहतांना एक झाड वारंवार दृष्टीस पडतें. फांदीफांदीवर चार पाकळ्यांचीं पांढरीं अथवा गुलाबी फुलें, इतकीं दाट कीं पान क्वचितच दिसावें. इंग्रजींत यास डॉगवूड म्हणतात. शास्त्रीय भाषेंत कॉर्नस. १९१२ सालीं टोकियो शहरानें वॉशिंग्टन शहरास चेरीचीं झाडें भेट दिलीं, तेव्हां त्या भेटीची परतफेड म्हणून अमेरिकेनें १९१५ सालीं जीं झाडें टोकियोस पाठविलीं तीं डॉगवूडचींच होतीं. असें झाड आपल्या ओसरीवर कुंडींत असावें, अशी इच्छा एखाद्या विद्यार्थ्यास झाली तर त्यांत नवल नाहीं. हल्लीं रोपें घरबसल्या मागवितां येतात, आणि पैसे टाकले कीं वाटेल तें झाड वाटेल तेथें लावतां येईल असें मनास वाटूं लागतें.

परंतु झाडाचा स्वभाव चित्रांत दिसत नाहीं. डॉगवूडच्या ज्या जातीचीं चित्रें आपण पाहतों, त्या थंड प्रदेशांतल्या आहेत. हिंवाळ्यांत कित्येक आठवडे कडक गारठा मिळाला तरच त्यांच्या कळ्या आपली विश्रांति नीट पुरी करतात. शिवाय त्यांना सौम्य ऊन, किंचित् आम्ल व सदैव गार राहणारी माती लागते. आपल्या भामरागडाकडे पौषांतली पहांट हुडहुडी भरविते हें खरें, पण दुपार होतांच अंगावरची घोंगडी काढावी लागते; आणि वैशाखांत तर शेजारच्या चंद्रपुरास पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा हवेंत तें झाड एखादा पावसाळा काढील, पण पुढच्या उन्हाळ्यांत त्याचीं पानें कडेनें करपून तें झुरूं लागेल. त्याला वांचविण्याचा यत्न करणें म्हणजे मासोळीला झाडावर बसविण्यासारखें आहे. हिमालयांत मात्र याच कुळांतील एक देशी जात सुखानें नांदते. कॉर्नस कॅपिटाटा हें तिचें शास्त्रीय नांव. गढवालांत तिला भमोरा म्हणतात व तिचीं लाल फळें तेथील मुलें खातात. भमोरा आणि भामरागड या शब्दांचें साम्य ऐकून कोणी त्यांचें नातें जोडूं नये. तो केवळ कानांचा खेळ आहे.

तर मग डॉगवूडची हौस सोडून द्यावी काय? तसें करण्याचें कारण नाहीं. या कुळाचा एक भाऊबंद आपल्याच अरण्यांत, नाल्यांच्या कांठीं व शेतांच्या बांधावर पिढ्यान् पिढ्या उभा आहे. तो म्हणजे अंकोल. संस्कृतांत यास अंकोट म्हणतात; आणि याच्या लांब कांट्यांवरून दीर्घकील असेंही एक अन्वर्थक नांव आहे. शास्त्रीय नांव अलँजियम साल्विफोलियम. डचांचा मलबारांतील अधिकारी व्हान ऱ्हीड यानें १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें बारा खंडांचा जो 'हॉर्टस मलाबारिकस' नामक ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हें झाड अंगोलम या नांवानें आलें आहे. पुढें फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्क यानें १७८३ सालीं अलँजियम ही प्रजाति स्थापिली. लिनिअसच्या मुलास मात्र हें झाड फालशाच्या वर्गांतलें वाटलें होतें. बेंथॅम व हूकर यांनीं एकोणिसाव्या शतकांत त्यास डॉगवूडच्या कुळांत बसविलें. नंतरच्या कित्येक पुस्तकांनीं त्याचें निराळें कुळ मानलें. आणि आतां पेशींतील अनुवंशद्रव्याची तुलना करून जें वर्गीकरण २०१६ सालीं प्रसिद्ध झालें, त्यानें त्यास पुनः डॉगवूडच्याच घरीं आणून सोडलें आहे. एका झाडानें दोनशें वर्षांत इतकीं घरें बदललीं, पण नाल्याच्या कांठचा अंकोल आपली जागा सोडून तसूभरही हलला नाहीं!

हें नातें पुस्तकावर विश्वास ठेवून मानण्यापेक्षां डोळ्यांनीं पडताळून पाहावें. प्रथम भेद पाहा. डॉगवूडचीं पानें बहुतेक जातींत समोरासमोर जोडीनें येतात. अंकोलाचीं एकाआड एक. डॉगवूडच्या चित्रांत ज्या चार मोठ्या 'पाकळ्या' दिसतात त्या वस्तुतः पाकळ्या नव्हेत, तीं रंगीत झालेलीं पुष्पपत्रें होत. खरीं फुलें मध्यभागीं अगदीं बारीक, पुंजक्यानें असतात. अंकोलास असा दिखाऊपणा नाहीं. त्याच्या पाकळ्या खऱ्याच असतात. पांच ते दहा, अरुंद, पांढरट पिवळ्या, आणि फूल उमललें कीं मागें वळणाऱ्या. मध्यें पुंकेसरांचा झुबका, आणि सुगंध असा कीं झाड दिसण्यापूर्वीं नाकास कळतें. आतां साम्य कोठें आहे? फुलाचा देठ नखानें हळूच चिरून पाहा. बीजकोश पाकळ्यांच्या वर नसून खालीं, देठाच्या फुगलेल्या भागांत दडलेला आढळेल. म्हणूनच फळ पिकलें तरी त्याच्या माथ्यावर फुलाच्या निदलाचा लहानसा मुगुट राहतो. डॉगवूडच्या फळासही असाच मुगुट असतो, आणि दोहोंच्या गराच्या आंत टणक कवचाची आठोळी असते. जांभूळ व पेरू यांच्या माथ्यावरही मुगुट दिसतो, पण तीं निराळ्या कुळांतलीं. म्हणून एकाच खुणेवरून कुळ ठरवूं नये, अनेक खुणा जुळवून पाहाव्या. लाकडाचा गुणही येथें सांगण्याजोगा आहे. प्राचीन ग्रीक व मॅसिडोनियन लोक आपल्या भाल्यांचे दांडे कॉर्नसच्या चिवट लाकडाचे करीत. आपल्याकडे अंकोलाचें कठीण लाकूड हत्यारांच्या मुठींना व घाण्याच्या लाटेस वापरीत आले आहेत.

अंकोलासंबंधीं एक आख्यायिका फार जुनी आहे. याचीं फळें गळून पडलीं कीं आंतील बिया रात्रीं आपोआप सरकत जाऊन झाडाच्या बुंध्यास पुनः चिकटतात, असें दक्षिणेंत मानतात. शंकराचार्यांच्या नांवावर असलेल्या शिवानंदलहरी या स्तोत्रांत भक्तीच्या ओढीस जे दृष्टांत दिले आहेत, त्यांत अंकोलाच्या बियांचा हा दृष्टांत आहे. कवीच्या दृष्टांतास विज्ञानाचा कांटा लावून तोलणें अरसिकपणाचें होईल. पण विद्यार्थ्यास निरीक्षण करण्यास कोणाची आडकाठी नाहीं. पिकलें फळ बोटांत चुरडून पाहा. गर बुळबुळीत व चिकट असतो. फळ फुटलें व ओली बी बुंध्यावर पडली, किंवा पक्ष्यानें चोंचीनें फांदीस पुसली, तर ती तेथेंच चिकटून राहील, हें उघड आहे. ज्यास संशय असेल त्यानें दहा बियांवर चुन्याचा ठिपका देऊन त्या संध्याकाळीं झाडाखालीं मांडाव्या व सकाळीं मोजाव्या. मोजतांना मुंग्यांचा व उंदरांचा विचार अवश्य करावा, कारण नाहीशी झालेली प्रत्येक बी झाडावरच चढली असें नव्हे. अंकोलाच्या तेलांत भिजविलेली आंब्याची कोय क्षणांत रुजते, असेंही गारुडी सांगत फिरत. त्यांचा आंबा हातचलाखीनें उगवे, तेलानें नव्हे.

आतां मुख्य कामाकडे वळूं. रोप कोठून आणावें? अरण्यांतील रोप उपटून आणण्याची बुद्धि प्रथम होते, पण ती दोन कारणांनीं टाकावी. एक तर अरण्यांत रुजलेल्या रोपाचें सोटमूळ खोल गेलेलें असतें; उपटतांना तें तुटतें, आणि वर हिरवें दिसणारें रोप आठवड्यांत मान टाकतें. दुसरें, भामरागडचें अभयारण्य १९९७ सालीं घोषित झालेलें आहे. त्याच्या हद्दींतून परवानगीवांचून झाडझाडोरा काढून आणणें कायद्यानें गुन्हा ठरतें. हद्दीबाहेरच्या गांवांतही २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें ग्रामसभेस वनोपजाविषयीं हक्क मिळाले आहेत. तेव्हां ज्या गांवच्या रानांतून फळें आणावयाचीं त्या गांवच्या वडील मंडळींस विचारून आणावीं. विचारतांना माडिया घरांत या झाडास काय म्हणतात तें एखाद्या आजीकडून समजून घ्यावें व वहींत टिपून ठेवावें.

फळें उन्हाळ्याच्या अखेरीस, सामान्यतः मे-जूनच्या सुमारास पिकतात. पिकलेलें फळ जांभळट काळें दिसतें. त्याचा गर मुलें आवडीनें खातात. तो खाण्यास हरकत नाहीं. परंतु मुळाच्या सालीशीं मात्र खेळूं नये. ती वांतिकारक आहे. इपेकाक नांवाच्या परदेशी मुळींत जें एमेटीन नामक द्रव्य सांपडतें तें अंकोलांतही आढळलें आहे. वैद्यांनीं तिचा औषधांत उपयोग केला तो माप जाणून केला. मुलांनीं चघळून पाहण्याची ती वस्तु नव्हे. कुंडी बदलतांना मुळें हाताळलीं तर हात धुवावे.

गर धुऊन काढून आठोळ्या सावलींत दिवसभर सुकवाव्या व लगेच पेराव्या. वर्षभर डब्यांत ठेवून पेरण्यांत लाभ नाहीं. याची उगवण सावकाश व असमान होते. म्हणून एक बी पेरून तिच्यावर सर्व आशा ठेवूं नये, आठदहा पेराव्या. बी आपल्या जाडीच्या दुप्पट खोल जावी, त्याहून अधिक नको. कोंब दिसेना म्हणून रोज माती उकरून पाहणारे कांहीं विद्यार्थी असतात. त्यांच्या बिया बहुधा त्यांच्या कुतूहलानेंच मरतात.

कुंडी मातीची घ्यावी. रुंदीपेक्षां खोलीस महत्त्व द्यावें, कारण सोटमुळास खालीं जाण्यास वाव हवा. आरंभीं वीतभर खोलीची, पुढें रोप गुडघ्याएवढें झालें कीं हातभर खोलीची. काळ्या प्लास्टिकची कुंडी स्वस्त व हलकी असते, परंतु आपल्याकडील उन्हांत तिची बाजू तापून आंतील मुळें भाजून निघतात. मातीच्या कुंडीच्या अंगांतून पाणी पाझरून वाळतें व त्या योगें कुंडी गार राहते. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच हें कारण. तळाचें छिद्र खापरीच्या तुकड्यानें असें झांकावें कीं माती अडावी पण पाणी अडूं नये. मातीचें मिश्रण म्हणाल तर दोन भाग बागेची अथवा बांधावरची लाल माती, एक भाग नदीची जाड वाळू आणि एक भाग पुरतें कुजलेलें शेणखत किंवा पालापाचोळ्याचें खत. इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम ज्या गांवाशीं होतो, तेथें वाळूची वाण पडूं नये! नुसती काळी माती मात्र वापरूं नये. ती पावसाळ्यांत चिखल होते व उन्हाळ्यांत भेगाळून मुळांस ओढून तोडते.

पाणी देण्याविषयीं लोक एकच नियम विचारतात : रोज किती? हा प्रश्नच बरोबर नाहीं. झाड पाणी पितें तें मुख्यत्वें पानांसाठीं. पानांच्या खालच्या बाजूस सूक्ष्म छिद्रें असतात, तेथून बाष्प बाहेर पडतें, आणि त्या ओढीनें मुळें जमिनींतलें पाणी वर खेंचतात. पानें पुष्कळ व हवा कोरडी, तर खर्च मोठा. पानें नाहींत, तर खर्च नाममात्र. तेव्हां घड्याळ पाहून नव्हे, बोट घालून पाणी द्यावें. बोटाचीं दोन पेरें मातींत जाऊं द्यावीं. तेथें ओल लागली तर थांबावें. कोरडें लागलें तर कुंडीच्या तळांतून पाणी ठिबकेपर्यंत द्यावें. वरवर शिंपडून माती काळी दिसली म्हणजे पाणी पोंचलें असें नव्हे.

आणि येथेंच ती गोष्ट येते जिच्यामुळें घरांतील बहुतेक अंकोल प्राणांस मुकतात. अंकोल हा पानगळीचा वृक्ष आहे. हिंवाळा सरत आला, माघ लागला, कीं त्याचीं पानें पिवळीं पडून गळूं लागतात, आणि थोड्याच दिवसांत कुंडींत नुसत्या कांटेरी काड्या उरतात. घरच्या मंडळीस वाटतें, झाड तहानलें. मग सकाळीं आई एक तांब्या ओतते, दुपारीं बहीण एक ओतते, संध्याकाळीं शेजारच्या काकू येऊन "अगो बाई, वाळलंच कीं हें!" म्हणत आणखी एक ओततात. पानें नसल्यानें तें पाणी वर ओढलें जात नाहीं. मातीच्या कणांमधील पोकळींत जी हवा असते तिची जागा पाणी घेतें; मुळांस श्वास घेण्यास हवा मिळत नाहीं; तीं आधीं मऊ, मग काळीं होऊन कुजतात. फाल्गुनांत जेव्हां रानांतला अंकोल फुलानें भरून येतो, तेव्हां कुंडींतला खरोखरच मेलेला असतो. तहानेनें नव्हे, बुडून! कोणी घाईनें त्याच्याहून वाईट करतात. पानें गळलेलीं पाहून रोप उपटून उकिरड्यावर टाकतात, आणि टाकतांना मुळें ओलीं व पांढरीं होतीं हें कोणी पाहत नाहीं.

तेव्हां झाड निजलें आहे कीं मेलें आहे, हें ओळखावयास शिकलें पाहिजे. फांदीच्या शेंड्याजवळ नखानें साल अगदीं किंचित् खरवडावी. आंत हिरवी व ओलसर त्वचा दिसली तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडी लागली तर तो शेंडा मेला; पण निराश न होतां दोन बोटें खालीं पुनः खरवडावें, मग आणखी खालीं. पुष्कळदां शेंडे वाळलेले असून बुंधा जिवंत असतो, आणि जेथपर्यंत हिरवें आहे तेथून तें पुनः फुटतें. जिवंत फांदी वांकविली तर लवते. मेलेली कटकन् मोडते. पेरांवरील डोळे हातास भरीव लागतात कीं पोकळ, हेंही पाहावें. पानगळीच्या काळांत आठ दिवसांनीं एकदां, तेंही बोट घालून पाहिल्यावर, थोडें पाणी द्यावें. माती ठार कोरडी मात्र पडूं देऊं नये. नवे डोळे फुगूं लागले कीं पाणी क्रमाक्रमानें वाढवावें.

ज्यास हें पटत नसेल त्यानें एक सोपा प्रयोग करावा. सारख्या दोन लहान कुंड्या घ्याव्या. एकींत पानांनीं भरलेलें रोप, दुसरींत पानें गळलेलें. दोहोंस तळांतून ठिबकेपर्यंत पाणी द्यावें, मातीचें तोंड फडक्यानें बांधावें, म्हणजे पृष्ठभागावरील वाफ जवळजवळ सारखी होईल. मग सकाळसंध्याकाळ वाण्याच्या तराजूंत तोलून वजनें वहींत लिहावीं. चार दिवसांच्या आंकड्यांवरून पानांचें काम जितकें स्पष्ट होईल तितकें चार पानें पाठ करून होणार नाहीं.

पावसाळ्यांतील काळजी अगदीं उलट प्रकारची. आपल्याकडे आषाढांत पाऊस लागला कीं दिवसचे दिवस थांबत नाहीं. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी जाऊन भामरागडचा रस्ता कित्येक वर्षें प्रत्येक पावसाळ्यांत बंद पडत आला आहे. अशा दिवसांत कुंडीस पाणी देण्याचा प्रश्न नसतो, काढून देण्याचा असतो. कुंडी जमिनीवर न ठेवतां तीन विटांवर ठेवावी. छिद्र मोकळें राहतें, आणि वाळवी वर चढली तर दिसते. छिद्र चोंदलें असेल तर काडी घालून मोकळें करावें. कुंडीखालची ताटली या चार महिन्यांत काढूनच ठेवावी. ताटलींत साचलेल्या स्वच्छ पाण्यांत डेंगी पसरविणाऱ्या डासांची मादी अंडीं घालते, आणि सुमारें आठदहा दिवसांत अंड्यापासून उडता डास तयार होतो. हिंवतापाचे डास मुख्यत्वें ओढे-नाले व डबकीं यांत वाढतात, त्यांचा बंदोबस्त निराळा आहे. पण ज्या तालुक्यानें हिंवतापाचा इतका जाच सोसला त्यानें आपल्या ओसरीवर दुसऱ्या जातीच्या डासांस आणखी पाळणाघर कशाला मांडून द्यावें? ताटली ठेवणें अगदींच भाग असेल तर ती दर आठवड्यास रिकामी करून घासावी. नुसती पालथी करणें पुरत नाहीं, कारण अंडीं ताटलीच्या कडेस चिकटून राहतात.

उन्हाळ्यांत पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. हा रोग नव्हे. मुळांतून जितकें पाणी येतें त्याहून अधिक पानांतून उडून जातें, आणि पानाची कड मुळापासून सर्वांत दूर असल्यामुळें तिला प्रथम झळ लागते. अंकोल रानांत ऊन सोसतो हें खरें. पण तेथें त्याचीं मुळें खोल गार मातींत असतात, कुंडींत तीं वीतभर तापलेल्या मातींत कोंडलेलीं असतात. म्हणून चैत्र-वैशाखांत सकाळचें ऊन मिळेल व दुपारचें चुकेल अशा पूर्वेच्या ओसरीवर कुंडी हलवावी, मातीवर वाळल्या पानांचा चार बोटें थर द्यावा, आणि पाणी पहांटे किंवा दिवस मावळल्यावर द्यावें. करपलेलीं पानें तोडण्याची घाई नको. त्यांचा हिरवा भाग अजून काम करीत असतो.

खत फार लागत नाहीं. पावसाळ्याच्या तोंडीं दोन मुठी कुजलेलें शेणखत व पावसाळा संपतांना आणखी एक मूठ पुरे. आपल्याकडे मोहाच्या बियांचें तेल काढल्यावर उरणारी पेंड सहज मिळते व ती खत म्हणून घालावी असें मनांत येतें. ती ताजी घालूं नये. तिच्यांत साबणासारखें फेंस आणणारें द्रव्य असतें, त्यानें गांडुळें मरतात. मत्स्यव्यवसायांत तळ्यांतले नको असलेले मासे मारण्यास हीच पेंड वापरतात. शेणाबरोबर कांहीं महिने कुजवून मगच वापरावी, आणि तिचें धुतलेलें पाणी विहिरीकडे वा तळ्याकडे जाऊं देऊं नये.

छाटणी बेतानें करावी. अंकोलाचीं फुलें जुन्या लाकडावर येतात. तेव्हां ज्यानें हिंवाळ्यांत कात्री चालविली त्यानें पुढच्या फुलांवरच ती चालविली असें समजावें. फळें उतरल्यावर, पहिले एकदोन पाऊस पडून हवा निवळली कीं वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्या. कुंडी बदलणेंही त्याच सुमारास करावें. दोन-तीन वर्षांनीं मुळें कुंडीच्या भिंतीस लागून गोल फिरूं लागतात. त्यांतील बाहेरचीं गुंडाळलेलीं मुळें धारदार चाकूनें कापून नव्या मातींत रोप बसवावें. बियांपासून केलेल्या रोपास फूल येण्यास कित्येक वर्षें लागतात, हें आरंभींच जाणून असावें. सातवींत पेरलेला अंकोल मॅट्रिकच्या वर्षीं फुलेल अशी पैज कोणी मारूं नये. तोंवर त्याचीं कोंवळीं पानें, कांटे, आणि प्रतिवर्षींची पानगळ व पालवी एवढेंच पाहावयास मिळेल. पानांच्या बेचक्यांत कापसासारखा पांढरा पिठ्या दिसला तर ओल्या फडक्यानें पुसून काढावा. वाढलाच तर निंबोळीच्या किंवा करंजाच्या तेलाचे थेंब साबणाच्या पाण्यांत घोटून शिंपडावे. मुंग्या त्याच्या मागें असतातच. त्या पिठ्याच्या अंगांतून पाझरणाऱ्या गोड रसासाठीं येतात, म्हणून पिठ्या गेला कीं त्याही जातात.

राहिला प्रश्न मे महिन्याच्या सुटीचा. वसतिगृहांतील मुलें आपापल्या गांवीं जातात आणि कुंड्या ऐन उन्हांत पोरक्या होतात. शेजारीं कोणी असेल तर त्यांस किल्लीबरोबर बोट घालून पाहण्याची रीतही शिकवून जावी. नुसतें "पाणी घाला हं" म्हणून जाऊं नये. कोणीच नसेल तर एक लहान, न भाजून काळें केलेलें, झिरपणारें मडकें कुंडीच्या एका कडेस गळ्यापर्यंत पुरावें व भरून ठेवावें. त्याच्या अंगांतून पाणी हळूहळू पाझरतें, आणि आजूबाजूची माती कोरडी झाली कीं अधिक पाझरतें. मोठ्या कुंडीसाठीं जवळच उंचावर पाण्याचा घडा ठेवून सुती कापडाची जाड वात घड्यांतून कुंडींत सोडावी; वातीचें एक टोंक घड्याच्या तळास व दुसरें मातींत चार बोटें खोल असावें. दोन्ही युक्त्या सुटीपूर्वीं एक आठवडा करून पाहाव्या, म्हणजे भरलेलें पाणी किती दिवस पुरतें तें कळेल व तितक्या दिवसांनीं कोणाची तरी फेरी ठरवितां येईल. मडक्याचें व घड्याचें तोंड जड झांकणानें बंद करावें. डास तर राहूंच द्या, पण झांकण हलकें असलें तर आमच्याकडचीं माकडें पहिल्याच दुपारीं सर्व पाणी संपवून घडा पालथा घालून जातात.